घंटेच्या मनोऱ्यावरून जुने गोवे पाहता येते का? मनोरे, टेकड्या, पायऱ्या आणि उजेड

सायंप्रकाश (धागाकर्ता):

जुन्या गोव्यात पोचल्यावर मान आपोआप वर जाते आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: या घंटेच्या मनोऱ्यावर चढायला मिळते का? मांडवी नदी, तिच्यातले दिवाडी बेट, माडांची दाटी आणि तिच्यातून डोके काढणाऱ्या इगर्जी (चर्च) वरून एका नजरेत पाहाव्यात ही इच्छा रास्तच आहे. आधी चढण्याबद्दलची वस्तुस्थिती मांडतो, मग जाणकारांनी भर घालावी.

जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रल या मोठ्या इगर्जीचे बांधकाम १५६२ ला सुरू झाले आणि १६१९ ला पुरे झाले. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. त्यांतला एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही, म्हणून आज ती इमारत एका खांद्याची दिसते. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. १६५२ साली कुंकळ्ळीला ओतलेल्या या घंटेला तिच्या नादामुळे 'सोन्याची घांट' म्हणतात. या मनोऱ्याचा जिना पर्यटकांसाठी उघडा नाही.

सेंट ऑगस्टीनचा मनोरा मोंत सांतो टेकडीवर आहे, उंची ४६ मीटर. जे उभे आहे तो मनोऱ्याचा उरलेला कापच आहे. आत जिनाच नाही, त्यामुळे चढण्याचा प्रश्न येत नाही. खाली उभे राहून मान मागे टाकून पाहायची ती वास्तू आहे, आणि तशी ती गोव्यातली सर्वांत भव्य जागा आहे असे माझे मत.

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन इगर्जीत नागमोडी जिन्याने दरवाजापर्यंत कोणीही जाऊ शकतो. वरच्या घंटाघरात मात्र नाही. जिन्याच्या माथ्यावरून चर्च चौक आणि पालिकेची बाग एवढेच दिसते.

मग दृश्य कुठून? माझ्या मते तीन जागा: जुन्या गोव्याच्या पूर्वेची माउंट चॅपलची टेकडी, दिवाडीची पिएदाद इगर्ज आणि पणजीसाठी मांडवीपलीकडचा रेईश मागूश किल्ला. दगड, घंटा आणि परदेशातले मनोरे यांची माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे.


चिरेखण:

चढू का देत नाहीत, याचे मूळ उत्तर दगडात आहे.

इथल्या बहुतेक इगर्जींच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेत राहिला की कडक होत जातो. कडक झाला तरी तो काही बेसॉल्ट नव्हे. आजच्या भारतीय मानकात बांधकामाच्या चिऱ्याची दाब सोसण्याची किमान ताकद ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली आहे. चांगला काळा दगड याच्या वीसपटीहून जास्त दाब सोसतो. त्यामुळे चिऱ्यात उंच जायचे तर भिंत फार जाड ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट पाणी. चिरा भोकाभोकांचा, म्हणून पाणी ओढून घेतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. चुन्याचा गिलावा हे चिऱ्याचे घोंगडे. घोंगडे निघाले की पाणी सांध्यात शिरते, चुना धुऊन नेते, मग पिंपळाचे बी त्या फटीत रुजते. मूळ बोटाएवढे झाले की चिरा जागचा हलतो. वरवरचे झाड उपटून उपयोग नसतो, मूळ आत जिवंत राहते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटते.

सेंट ऑगस्टीनचा क्रम पाहा. इगर्ज १५९७ ते १६०२ मध्ये बांधली. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले आणि इमारतीला वाली उरला नाही. सातच वर्षांनी, १८४२ मध्ये, मुख्य कमानी छत कोसळले. छत गेले की भिंतींचा माथा उघडा पडतो, त्यातून पाणी भिंतीच्या गाभ्यात जाते. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. चिऱ्याची इमारत अशीच जाते: आधी छप्पर, मग गाभा, मग एक दिवस भिंत.

तिसरी गोष्ट लोखंड. घंटेचे आकडे, पट्ट्या, जाळ्या भिंतीत पुरलेल्या असतात. गंजताना लोखंड कित्येक पट फुगते आणि आतून चिरा फोडते. खारी हवा या कामाला हातभार लावते. घंटेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग दिसली तर पहिला संशय याचाच घ्यावा.


दक्षिणवारा:

चिरेखण बाब, एक शंका. युरोपात तर आठशे वर्षांच्या मनोऱ्यांवर रोज शेकडो माणसे चढतात. तिथे काय वेगळे आहे?


चिरेखण:

चार गोष्टी वेगळ्या आहेत. दगड किंवा वीट जास्त मजबूत, भिंती फार जाड, जिना बहुतेक वेळा भिंतीच्या पोटातच बांधलेला, आणि मनोरा कधी बेवारस पडलेला नाही. शिवाय तिथे भेगांवर मोजपट्टी आणि कलावर यंत्र लावून सतत नोंद ठेवतात.

तरीही पडतातच. व्हेनिसचा सान मार्कोचा मनोरा १४ जुलै १९०२ रोजी खाली बसला. तळाशी छपराच्या कामासाठी भिंतीत खाच घेतली होती, तिथून भेग वर चढत गेली. आधी काही दिवस भेग दिसत होती, म्हणून चौक रिकामा केला होता आणि माणसे वाचली. तसाच नवा मनोरा १९१२ मध्ये पुरा झाला. त्याची उंची ९८.६ मीटर आहे आणि आत लिफ्ट आहे. बोलोन्याचा आसिनेल्ली मनोरा ४९८ पायऱ्यांचा, पण शेजारच्या कललेल्या गारिसेंडा मनोऱ्याच्या धोक्यामुळे तो ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केला गेला. कुठलाही बेत आखताना मनोरा उघडा आहे का हे त्याच आठवड्यात पाहावे.


नादब्रह्म:

दगडाबद्दल लिहिले गेले, आता घंटेबद्दल. मनोरा चढण्याच्या दृष्टीने धोका घंटेकडूनही असतो, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येते.

घंटेचे भाग असे: वर लाकडी किंवा लोखंडी जू, त्याला पट्ट्यांनी जखडलेले घंटेचे कान, मग घंटेचे अंग, खाली जाड ओठ आणि आत लोंबणारा लोळा. लोळा ओठावरच आपटला पाहिजे. ओठाच्या वर, पातळ अंगावर आपटला तर घंटेला तडा जातो आणि तडा गेलेली घंटा पुन्हा ओतण्यावाचून फारसा उपाय नसतो. धातू म्हणजे कासे: तांबे साधारण ७८ भाग, कथील २२. कथील जास्त पडले की नाद गोड पण धातू काचेसारखा ठिसूळ.

वाजवायच्या दोन रीती आहेत. एक, घंटा जागेवर स्थिर आणि दोरी लोळ्याला. दुसरी, जुवासकट घंटाच झुलवायची. दुसऱ्या रीतीत मनोऱ्याला आडवा धक्का बसतो. पूर्ण गोल फिरणारी घंटा तळाशी येते तेव्हा खाली तिच्या वजनाच्या चौपटीच्या आसपास भार देते आणि आडवा ओढा दुपटीच्या आसपास जातो. झुलण्याची लय आणि मनोऱ्याच्या स्वतःच्या डोलण्याची लय जुळली, तर हलकी घंटाही मोठा मनोरा हलवू शकते. म्हणून जुन्या, भेगाळलेल्या मनोऱ्यात घंटा झुलवणे थांबवून फक्त लोळा ओढतात.

सेंट ऑगस्टीनची घंटा आज पणजीत आहे. वजन २२५० किलो, से कॅथेड्रलच्या घंटेनंतर गोव्यातली दुसरी मोठी. मठ ओस पडल्यावर ती आधी आग्वाद किल्ल्यावर नेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या इगर्जीत आणली. आकाराचा अंदाज हवा असेल तर ढोबळ सूत्र असे: तोंडाचा व्यास एक मीटर असलेली घंटा सहाशे किलोंच्या आसपास भरते, आणि वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. त्या हिशेबाने २२५० किलोच्या घंटेचे तोंड दीड मीटरहून थोडे मोठे असायला हवे. चौकातून ती इवलीशी दिसते, म्हणून हा हिशेब सांगितला.

आणि कान. मोठ्या घंटेशेजारी आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. जिथे घंटांच्या मजल्यातून वाट जाते तिथे तासाच्या आणि प्रार्थनेच्या ठोक्याची वेळ आधी विचारून घ्यावी. लहान मुले बरोबर असतील तर त्या वेळी घंटांच्या मजल्यावर थांबूच नये. अचानक ठोका पडला की माणूस दचकून मागे सरकतो, आणि मागे जिना असतो.


अंत्रुजकर:

थोडे अवांतर, पण आपल्या लोकांना जवळचे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तिथल्या इगर्जींच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावरची घंटा १७२१ ची, भीमाशंकरची १७२९ ची, वाईजवळ मेणवलीची १७०७ ची. तिन्हींवर साल वाचता येते. ज्यांना पोर्तुगीज घंटा हाताच्या अंतरावरून पाहायची आहे त्यांच्यासाठी गोव्यातल्या मनोऱ्यांपेक्षा ही देवळे सोयीची आहेत.

मंगेशीच्या दीपस्तंभावर चढता येते का, असेही काही जण विचारतात. नाही. सात मजल्यांचा तो स्तंभ दिव्यांसाठी आहे. मात्र त्याचे मजले, कोनाडे आणि अष्टकोनी अंग नीट पाहा, मग जुन्या गोव्यातल्या मनोऱ्यांकडे पाहा. एकाच मुलखातल्या कारागिरांचे हात दोन्हीकडे फिरले असावेत असे वाटते.


रानवाट:

मुंबईच्या राजाबाई टॉवरबद्दलही हाच प्रश्न येतो म्हणून लिहिते. ८५ मीटर उंच, १८७८ ला पुरा झाला. वरचा सज्जा सामान्य लोकांसाठी बंद आहे. तो ओव्हल मैदानाच्या बाजूनेच पाहावा.


सायंप्रकाश:

सर्वांचे आभार. आता दृश्याचा हिशेब, कारण टेकडी की मनोरा हा वाद त्यानेच मिटतो.

क्षितिज किती लांब दिसेल याचे सोपे सूत्र: डोळ्याच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येते. ४६ मीटरवरून ते २४ किलोमीटर भरते. पणजी जुन्या गोव्यापासून दहाएक किलोमीटरवर. म्हणजे अंतराची अडचण नाहीच. अडचण आहे माडांची.

समजा माड २० मीटरचा आणि तुमच्यापासून ५० मीटरवर. डोळा ४६ मीटरवर असेल तर माडाच्या शेंड्यावरून गेलेली नजर पलीकडे ३८ मीटरवर जमिनीला टेकते. तेवढीच पट्टी झाकली जाते. डोळा २५ मीटरवर असेल तर मात्र पलीकडची २०० मीटर जमीन झाकली जाते. उंची निम्म्याच्या आसपास आली आणि आंधळी पट्टी पाचपटीहून वाढली! म्हणून गोव्यात घराच्या गच्चीवरून शहर दिसत नाही, नुसते झावळ्यांचे रान दिसते. थोड्या उंचीचा इथे उपयोग नाही. एक तर झाडांच्या पुष्कळ वर हवे, नाहीतर समोर उघडी जागा हवी. नदी ही सर्वांत मोठी उघडी जागा. दिवाडीहून जुने गोवे आणि रेईश मागूशहून पणजी चांगली दिसते ती याचमुळे.

आता उजेड. से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला, जवळच्या बॉम जीझस इगर्जीचे पश्चिमेला. म्हणजे सकाळी से उजळते, दुपारनंतर बॉम जीझस. बॉम जीझसचा दर्शनी चिरा गिलाव्याविना असल्याने तिरप्या उन्हात तो तांबूस पेटल्यासारखा दिसतो. माउंट चॅपल पूर्वेला, तिथून तुम्ही पश्चिमेकडे पाहता: सकाळी सूर्य पाठीशी आणि से उजळलेले, संध्याकाळी सूर्य समोर आणि इगर्जींच्या नुसत्या काळ्या आकृती. सूर्यास्तासाठी लोक तिथे गर्दी करतात ते योग्यच, पण ज्यांना इमारती ओळखू यायला हव्यात त्यांनी सकाळी जावे.

दिवाडीहून नजर दक्षिणेकडे जाते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, दुपारी बारा वाजता क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपास. त्यामुळे हिवाळ्यात तिथे दुपार वाया जाते, इमारतींच्या सावलीतल्या बाजू समोर येतात. सकाळी नऊपर्यंत किंवा साडेचारनंतर कडेचा उजेड मिळतो.


तिसवाडीची वाट:

सायंप्रकाश बाब, मांडणी आवडली. देव बरें करूं. जाण्यायेण्याचे तपशील माझ्याकडून.

माउंट चॅपल: सेंट कॅजेटन इगर्जीच्या बाजूने पुढे जाऊन चढाचा रस्ता आहे. से कॅथेड्रलपासून जेमतेम किलोमीटर, चालत सहज होते. कपेल (चॅपल, छोटे प्रार्थनाघर) बहुतेक वेळा बंद असते, पण बाहेरचे मोकळे आवार पुरेसे आहे. वर पाण्याची किंवा खाण्याची सोय धरू नये. अंधार पडल्यावर उतरायचे असेल तर बॅटरी हवी.

दिवाडी: व्हाइसरॉयच्या कमानीतून सरळ खाली गेले की फेरीबोटीचा धक्का. चालत जाणाऱ्यांना तिकीट नाही. धक्क्यावरून पिएदादपर्यंतचा रस्ता शेतांतून जातो, तिथे सावली नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये दुचाकी बरी. इगर्ज टेकाडावर आहे. शेजारच्या दफनभूमीतले जुने कपेल कदंबकालीन देवळाच्या अवशेषातले आहे, तेही पाहावे, शांतपणे. प्रार्थना चालू असेल तर आवारात मोठ्याने बोलू नये.

रेईश मागूश: किल्ला १५५१ चा, दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये खुला झाला. बुरुजांवरून मांडवीचे मुख, पणजी आणि मिरामारची कड दिसते. चढ बेताचा आहे.

कधी जाऊ नये तेही सांगतो. ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) आणि आधीच्या नोव्हेनाच्या (प्रार्थनांच्या) नऊ दिवसांत जुन्या गोव्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. ते भाविकांचे दिवस आहेत, दृश्य पाहणाऱ्याने दुसरा दिवस निवडावा.

हवा सर्वांत स्वच्छ असते ती सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात, पाऊस पडून गेल्यावरच्या दुसऱ्या दिवशी. जानेवारीत पहाटे मांडवीवर धुके बसते, ते नऊच्या सुमारास विरते. त्या धुक्यातून वर आलेले मनोरे हवे असतील तर सातलाच वर पोचायला हवे. एप्रिल-मे मध्ये दुपारी सगळेच पांढुरके.


दक्षिणवारा:

ड्रोन उडवला तर?


तिसवाडीची वाट:

परवानगीशिवाय अजिबात नको. जुन्या गोव्यातल्या या वास्तू संरक्षित स्मारके आहेत आणि १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागेचा रंग पाहावा लागतो. सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याजवळ तर वारा भिंतीला आपटून उलटा फिरतो. हलका ड्रोन चिऱ्यावर आपटला तर नुकसान चिऱ्याचे.


पायरीमोज:

ज्यांना खरोखर घंटेचा मनोरा चढायचा आहे आणि पोर्तुगाल-स्पेनचा बेत आहे, त्यांच्यासाठी. गोव्यातून तिकडे जाणारे पुष्कळ असतात.

पहिली सूचना: पुस्तकात दिलेली उंची क्रुसाच्या टोकाची असते, तुम्ही उभे राहाल त्या सज्जाची नाही. पायऱ्यांची संख्या विचारा आणि १८ सेंटिमीटरने गुणा. पोर्तोचा क्लेरिगोस मनोरा सुमारे ७५ मीटरचा, पायऱ्या सव्वादोनशेच्या आसपास. गुणाकार केला की ४० मीटर. म्हणजे साधारण तेरा मजले. हा निकोलाउ नासोनीने आखलेला ग्रॅनाइटचा मनोरा १७५४ ते १७६३ मध्ये उभा राहिला. खालचा जिना बरा आहे, वरचा फारच अरुंद. चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेवर, त्यामुळे थांबायला कोनाडा दिसला की समोरच्याला आधी जाऊ द्यावे. वर ४९ घंटांचा संच आहे, तो कधी वाजतो ते तिकिटाच्या खिडकीवरच विचारावे. सज्जाचा कठडा चारी बाजूंनी फिरतो, पण एका वेळी एकच ओळ मावते. पाठीवरची मोठी पिशवी खाली ठेवूनच जावे.

कुइंब्रा विद्यापीठाचा मनोरा (१७२८ ते १७३३) फक्त ३४ मीटरच्या आसपास, तरी दृश्य मोठे आहे. कारण विद्यापीठच टेकडीच्या माथ्यावर आणि खाली मोंदेगू नदी. वर सायंप्रकाश यांनी माडांचा जो हिशेब मांडला तो इथेही लागू पडतो: टेकडीने निम्मे काम आधीच केलेले असते. जिना गोल आणि चिंचोळा, ज्यांना बंद जागेत गुदमरते त्यांनी टाळावा.

सेव्हिलची हिराल्दा गुडघेदुख्यांसाठी उत्तम. ११९८ पर्यंत मशिदीचा मिनार म्हणून बांधलेली, त्यामुळे आत पायऱ्या नाहीत, ३५ उतरण्या (रॅम्प) आहेत. घोड्यावरून वर जाता यावे म्हणून तशी रचना. शेवटी फक्त १७ पायऱ्या. वरचा घंटांचा भाग १५६८ मध्ये पुरा झाला. प्रत्येक उतरणीला क्रमांक आहे, त्यामुळे किती उरले ते कळते आणि दमल्यावर मधल्या खिडकीशी थांबता येते.

फ्लॉरेन्सचा जोत्तोचा मनोरा याच्या उलट: ४१४ पायऱ्या, उंची ८४.७ मीटर, लिफ्ट नाही. भागाकार करा, पायरीमागे वीस सेंटिमीटरहून जास्त. घरातली पायरी पंधरा-सोळाची असते. हा फरक शंभराव्या पायरीनंतर मांड्यांना कळतो.


रानवाट:

साठीच्या पुढच्यांना किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना काय सांगाल?


पायरीमोज:

चढताना दम लागतो, दुखापत उतरताना होते. जिना उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. म्हणून वर पोचल्याबरोबर उतरायला लागू नये, दहा मिनिटे तरी थांबावे.

गोल जिन्यात पायरी मधल्या खांबाकडे निमुळती होत जाते. खांबाकडून चालले तर अंतर कमी वाटते, पण पाऊल अर्धेच टेकते आणि उतरताना टाच घसरते. बाहेरच्या भिंतीकडून चालावे, जिथे पायरी एका पावलाएवढी रुंद आहे, आणि तळहात भिंतीला. दोरी किंवा कठडा असेल तर उतरताना तो ज्या हाताला येईल तो हात मोकळा ठेवावा, मोबाइल खिशात. जुन्या दगडी पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झालेल्या असतात. त्या खोलगट भागात पाणी साचते, म्हणून पावसाच्या दिवशी कडेने.

गती अशी ठेवावी की बोलता यावे. बोलणे तुटले की थांबावे. साधारण साठ पायऱ्यांमागे एक थांबा. जिना एकाच दिशेने फिरत राहिल्याने काहींना गरगरते. अशा वेळी डोळे पायांवर न ठेवता तीन-चार पायऱ्या पुढे ठेवावेत आणि खिडकी आली की बाहेरच्या स्थिर गोष्टीकडे पाहावे. हृदयाचा किंवा दम्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, कारण अरुंद गोल जिन्यातून माणसाला उचलून खाली आणणे फार अवघड असते.

सराव गोव्यातच होतो. पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वताची चढण आहे, पणजीत मळ्यातून आल्तिनोवर जाणारे जिने आहेत. आठवड्यातून तीन दिवस, तीन आठवडे केले तरी फरक जाणवतो. उतरण्याचाही सराव करावा, नुसता चढण्याचा नाही.


दृष्टिकोन:

रुंद देखाव्याचे फोटो बिघडतात त्याची कारणे थोडक्यात. मोबाइलची 'पॅनोरमा' सोय वापरताना लोक हात लांब करून अंगाभोवती फिरवतात. त्याने जवळचा कठडा तुटका येतो. मोबाइल छातीजवळ ठेवून स्वतः जागेवर फिरावे. कॅमेरा असेल तर तो उभा धरावा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग यावा, आणि उजेडाची मोजणी एकदा करून कुलूपबंद करावी. नाहीतर नदीच्या बाजूचा फोटो काळपट आणि माडांच्या बाजूचा पांढरा येतो, जोड लपत नाही. ध्रुवक (पोलरायझर) फिल्टर रुंद देखाव्यात लावू नये, आभाळात एका जागी गडद डाग उमटतो.


रानवाट:

शेवटचा प्रश्न. जुन्या गोव्यासाठी एकच दिवस आहे, डिसेंबरचा दुसरा आठवडा. क्रम कसा लावू?


सायंप्रकाश:

सात-सव्वासातला माउंट चॅपल, धुके असेल तर ते विरेपर्यंत तिथेच. नऊनंतर खाली उतरून से कॅथेड्रल, दर्शनी बाजूवर तेव्हा ऊन असते. दहा-अकराच्या सुमारास मोंत सांतो, सेंट ऑगस्टीन. तिथे चिऱ्याचे थर, उघडे पडलेले कमानींचे बुड आणि जमिनीवरचे थडग्यांचे दगड पाहायला तास कमीच पडतो. दुपारी सावलीत विश्रांती. साडेतीनला बॉम जीझससमोर. सव्वाचारपर्यंत धक्क्यावर पोचून फेरीबोट, पाचच्या आत पिएदाद. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे तासभर कडेचा उजेड मिळेल.


तिसवाडीची वाट:

एक भर. दिवाडीला उतरल्याबरोबर परतीच्या फेऱ्यांच्या वेळा धक्क्यावरच विचारून घ्या. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांची गर्दी असते, गाड्यांची रांग लागते. चारचाकी जुन्या गोव्याच्या बाजूलाच ठेवा.